रंगसूचना वाचणारी बाई

माझी लेक इरा फेब्रुवारीत मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत गेली. तिचे बाबा आणि मी वेगळे झालो त्याला तेव्हा दीड वर्ष होऊन गेलं होतं, त्यामुळे गुंगालिन या उपनगरातल्या घरात मी एकटीच उरले. जून उजाडला तेव्हा लक्षात आलं, की ऑफिसच्या मीटिंगा सोडल्या तर मी कोणाशी सलग दहा मिनिटंही बोललेले नाही. पुण्याहून दादा दर रविवारी फोनवर विचारायचा, "तिथे आता कोणासाठी थांबलीयेस? ये परत." मी विषय बदलायचे.

अशात फेसबुकवर एक पोस्ट दिसली. बुरोवाच्या पुढे एका लहानशा गावात आयरिश लोकांनी शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेलं थिएटर आहे. तिथे लाँग वीकएंडला नव्या नाटकांचा सीझन होता. तीन दिवस, तीन नाटकं, सगळी पहिल्यांदाच लोकांसमोर येणारी. मी इराला फोन केला.

"सो गो, आई. यू लव्ह प्लेज."

"एकटी?"

"यू'ल बी फाइन. पिक्स पाठव, ओके? क्लास आहे माझा." फोन बंद.

शनिवारी सकाळी निघाले. जून म्हणजे इथला हिवाळा, गाडीच्या काचेवरचा बर्फाचा थर खरवडायलाच दहा मिनिटं गेली. बार्टन हायवेने यास नावाच्या गावापर्यंत तासभरही लागत नाही. पेट्रोल आणि कॉफी तिथेच घ्या, पुढे रस्ता रिकामा आहे आणि फोनची रेंज येते-जाते. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कांगारू थेट समोर उड्या मारतात. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ते इतकं लहान आहे, की ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना कोणीही ओळखेल.

राहायची सोय पबच्या वरच्या मजल्यावर. बाथरूम कॉरिडॉरच्या टोकाला, पण इलेक्ट्रिक ब्लँकेट होतं, तेवढ्यावर मी सगळं माफ केलं. शाकाहारी असाल तर चीज टोस्टी आणि चिप्स, तीनही दिवस. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर नेली होती म्हणून निभावलं.

थिएटर बाहेरून गोदामासारखं दिसतं. आत मात्र नक्षीदार पत्र्याचं छत, झिजलेला हिरवा पडदा आणि बसलं की कुरकुरणारी लाकडी बाकं. पहिलं नाटक मेंढ्यांचं शेत वाटून घेणाऱ्या दोन भावांचं होतं. लोक खो खो हसत होते. नटांचा आयरिश वळणाचा उच्चार माझ्या कानात उतरेपर्यंत अर्धा सेकंद जायचा, त्यामुळे मी सगळ्यांच्या नंतर हसत होते.

मध्यंतरात तर पंचाईतच झाली. सगळे घोळक्यांनी उभे, एकमेकांना जन्मापासून ओळखणारे. मी कप हातात धरून भिंतीवरचा नोटीस बोर्ड वाचत राहिले. जुन्या नाटकांच्या याद्या, हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात, सगळं. दुसऱ्या दिवशीही तेच.

चहाच्या टेबलामागे मॉरीन नावाची आजी होती, ऐंशीच्या आसपासची, लहानपणी आयर्लंडहून आलेली. रविवारी नाटक संपल्यावर मी तिला कप विसळायला मदत केली.

"तुम्ही दरवर्षी हे काम करता?" मी विचारलं.

"नवरा गेल्यापासून. समोर बसले तर माझ्याशी कोणी बोलत नाही. या टेबलामागे उभी राहिले, की प्रत्येकाला माझ्याकडे यावंच लागतं." ती हसली नाही. मीही नाही.

सोमवारी नाटकाचं नुसतं वाचन होतं. नट हातात संहिता धरून संवाद वाचणार आणि एक जण बाजूला बसून रंगसूचना, म्हणजे कोण कुठून येतं, काय करतं, ते वाचणार. तो माणूस आलाच नाही. वाटेत त्याच्या गाडीला कांगारू धडकला होता. माणूस धड होता, गाडी नव्हती. नाटक लिहिणारी नीव्ह, जेमतेम तिशीची, चहाच्या टेबलाशी आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"स्पष्ट वाचणारं कोणी आहे का?"

मॉरीनने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिने आमचा नोटीस बोर्ड चार वेळा वाचलाय. हिला वाचता येतं."

"पण माझा उच्चार..." मी म्हणाले.

"इथे कोणाचा वेगळा नाहीये, लव्ह?" मॉरीन म्हणाली.

वीस मिनिटांत मी स्टेजवर होते. नाटकातली बाई शेतावर एकटी राहते, मुलगे शहरात गेलेत. माझी वाक्यं साधी होती. ती दार उघडते. ती रेडिओ बंद करते. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. इतका मोठा आवाज मी कित्येक महिन्यांत काढलाच नव्हता.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ती जेवणाच्या दोन ताटल्या काढते. पुढचं वाक्य होतं: त्यातली एक परत ठेवते.

ते मला वाचता येईना. इरा गेल्यापासून मी रोज हेच करत होते, आणि कोणालाही सांगितलं नव्हतं. सभागृहात कोणी हललं नाही. किती वेळ गेला, देव जाणे. मग मी ते वाक्य वाचलं आणि नाटक संपलं.

टाळ्या पडल्या, पण मला नीव्हची नजर टाळायची होती. मी तिचं नाटक पाडलं होतं. तिच्याभोवती लोक जमले तसं मी मॉरीनला नुसता हात केला आणि उजेड असेतो निघाले. यासपर्यंत रडले, तिथे तोंड धुतलं.

घरी आल्यावर इराला फोटो पाठवले. तिने हार्ट पाठवलं. दादाला या रविवारी पहिल्यांदाच सांगितलं, की मला इथे एकटं वाटतं. त्याने "ये परत" न म्हणता "जेवतेस ना नीट?" असं विचारलं. परत जायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. तीन दिवसांत एकटेपणा जातो, असं सांगून मी तुम्हाला तिकिटं काढायला लावणार नाही. तरी जा.

काल नीव्हची मेल आली. थिएटरच्या बुकिंगमधून माझा पत्ता शोधून काढला होता. लिहिलं होतं, "तुम्ही जिथे थांबलात, तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय: ती ताटली हातात धरून बराच वेळ उभी राहते."

मी ती मेल किचनमध्ये उभ्या उभ्या वाचली. मग पहिल्यापासून परत एकदा, मोठ्याने.