रानातला चौकोनी बांध

माझा धाकटा भाऊ जर्मनीत नोकरीला होता. मी पेणला शाळेत शिकवते. एका मे महिन्याच्या सुट्टीत, एकदाच, त्याच्याकडे गेले. बाबा वारल्यापासून आई रोह्याला एकटीच राहायची. तिनं त्याच्यासाठी पोह्याचे पापड बांधून दिले होते.

तो विमानतळावर दिसला तेव्हाच वाळलेला वाटला. "इथलं जेवण," म्हणाला.

रविवारी तो मला गावामागच्या रानात घेऊन गेला. उंच, सरळसोट झाडं, आणि त्यांच्यामधून गेलेला मातीचा लांबच लांब उंचवटा. बाहेरच्या अंगाला पाचोळ्यानं बुजत आलेला चर. आम्ही कडेकडेनं चालत राहिलो. उंचवटा काटकोनात वळला, पुढे पुन्हा वळला. मधे नुसती झाडं. तिथली पाटी त्यानं मला वाचून दाखवली. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हे आवार घातलं होतं. देवासाठी की घरागुरांसाठी, नक्की माहीत नाही.

"आपल्या बांधासारखा हाय ना गो?" तो म्हणाला.

खाडीकाठी आमची भातशेती होती. एका उधाणात बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं. पुन्हा तिथं भात झालं नाही. बाबा रोह्याला कंपनीत शिफ्टला लागले आणि आम्ही गाव सोडलं. तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता.

"मला वाटलं, तुला काय आठवत नसंल."

"बाबा चिखलात उभे होते ते आठवतं," म्हणाला आणि खाली बसला. मीही बसले. तेव्हा त्यानं सांगितलं, पोटात गाठ आहे, यकृतापर्यंत पसरलीय, डॉक्टर आता फक्त दुखणं कमी करण्याचं बोलतात.

मी त्याचा हात धरला.

"आईला सांगू नको, ताई."

"मी नाय सांगणार. तूच सांग. घरी चल आणि सांग."

तो बराच वेळ माती उकरत बसला. मग म्हणाला, "चल."

आम्ही बरोबरच आलो. रोह्याला आई वाल सोलत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. आईचे हात थांबले. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "दुखतं का रे?"

"व्हय," तो म्हणाला. मला तो तसं एकदाही म्हणाला नव्हता.

त्यानंतर तो परत गेलाच नाही. आई रोज त्याच्या पायांना तेल लावायची. तो तिला रानातल्या त्या आवाराबद्दल सांगायचा. एकदा तिनं विचारलं, "मग ती माणसं गेली कुठं?"

"कुणालाच माहीत नाय."

"पोटापाण्यासाठी गेली असतील," आई म्हणाली आणि त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

भात कापणीला आलं तेव्हा तो गेला. त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी जर्मनीहून व्हिडिओ कॉल केला. ते इंग्रजीत बोलत होते, एकाचे डोळे लाल झाले होते. आईला शब्द कळत नव्हते. ती स्क्रीनकडे बघत राहिली, मग मला म्हणाली, "त्यांना विचार, जेवलात का?"

मी विचारलं.