फळीवरचा शेवटचा खिळा

आमच्या विद्यापीठाच्या क्रॉस कंट्री क्लबची कॅप्टन सगळ्यांच्या मागे पळायची. नव्या माणसाला हे कळायला एक दिवस लागायचा. पहिल्या दिवशी त्याला वाटायचं, ही आपल्यासारखीच नवखी दिसतेय, आणि तो बिचारा तिला धीर देत पळायचा. मीही दिला होता. टेकडीच्या चढावर, स्वतः धापा टाकत, मी तिला म्हणालो होतो, "दमलात का? होईल हळूहळू सवय." ती म्हणाली, "हो, प्रयत्न चाललाय." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच शिट्टी वाजवून हजेरी घेतली, तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला जो खाली वाकलो, तो बराच वेळ वर आलोच नाही.

सगळे तिला ताई म्हणायचे. पाठीमागे शेपूट म्हणायचे, आणि तिला ते माहीत होतं. "शेपूट नसेल तर जनावराला वळता येत नाही," एवढंच ती म्हणायची आणि पुन्हा बिल्ले मोजायला लागायची.

बिल्ल्यांचं सांगायला हवं, कारण ते तिचंच काम. व्यायामशाळेच्या जिन्याखाली आमची खोली होती. खोली कसली, मूळची झाडू ठेवायची जागा. तीन पायऱ्या उतरून आत जायचं, आणि दारातच कपाळाच्या उंचीवर एक तुळई. तिला धडकला नाही असा एकही सभासद क्लबच्या इतिहासात नाही. आत ओल्या मोज्यांचा वास, एक बाक, आणि भिंतीवर चोवीस खिळ्यांची फळी. प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा एक गोल बिल्ला, त्यावर नंबर. पळायला निघताना आपला बिल्ला काढून बुटाच्या नाडीत ओवायचा, परत आल्यावर आपल्या खिळ्याला अडकवायचा. ताईचा नंबर चोवीस. बाकीचे सगळे खिळे भरल्याशिवाय ती आपला बिल्ला अडकवत नसे, आणि तो अडकवल्याशिवाय खोलीला कुलूप लागत नसे. एकदा एक मुलगा अर्ध्यातूनच परस्पर हॉस्टेलवर जाऊन झोपला. ताईने टेकडी दोनदा पालथी घातली, मग हॉस्टेलवर जाऊन त्याला उठवलं, आणि काही न बोलता त्याच्या बुटातला बिल्ला काढून घेऊन गेली. तो पुढे कधी झोपला नाही. म्हणजे क्लबच्या वेळेत तरी.

हे वेड तिने घरून आणलं होतं. तिचे वडील बस कंडक्टर. मागचं शेवटचं माणूस चढून नीट उभं राहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात घंटी दिली नाही, आणि त्यापायी ड्रायव्हर लोकांच्या शिव्या तीस वर्षं खाल्ल्या. ताई स्वतः संख्याशास्त्र शिकत होती, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. एकदा मी म्हणालो, "ताई, सरासरी बघितली तर आपला क्लब बराच वेगवान आहे." ती म्हणाली, "सरासरीने कुणी घरी पोचत नाही."

माझं म्हणाल तर मी छोट्या गावच्या शाळेत शिकलेला. आमच्याकडे पळणं ही शिक्षा होती. गृहपाठ नाही केला, मैदानाला पाच फेऱ्या. मी गृहपाठ क्वचितच करायचो, त्यामुळे विद्यापीठात आलो तेव्हा तयारी चांगली होती. अक्षर बरं म्हणून ताईने मला चिटणीस केलं. चिटणीस म्हणजे नोटिसा चिकटवणारा माणूस.

त्या वर्षी आम्हालाच एक नोटीस आली. क्रीडा अधिकारी साहेबांनी लिहिलं होतं की क्लबने सलग दोन वर्षं आंतरविद्यापीठ शर्यतीत पूर्ण संघ पोचवलेला नाही. यंदाही तसंच झालं, तर क्लब बंद करून खोली वादविवाद मंडळाला देण्यात येईल. मंडळवाले त्याच दुपारी खोली बघायला आले. त्यांच्या अध्यक्षाचं कपाळ तुळईवर आपटलं, तेव्हा आम्हाला जरा बरं वाटलं.

शर्यतीचा नियम सोपा होता. संघ मिश्र. सहा जणांनी पळायचं, त्यांतल्या पाच जणांनी आठ किलोमीटर पन्नास मिनिटांच्या आत पुरं करायचं. आमचे सहा म्हणजे सुसाट, जो खरंच सुसाट होता, थोरला आणि धाकटा हे जुळे भाऊ, ज्यांच्यात अकरा मिनिटांचं अंतर होतं आणि थोरला ती अकरा मिनिटं रोज काढून दाखवायचा, औषधनिर्माणशास्त्राची मुलगी, जिला सगळे डॉक्टर म्हणायचे आणि जी ते नाकारायची नाही, मी, आणि सहावी ताई. ताईचं नाव सहा हा आकडा भरायला. पोचायचं काम आम्हा पाचांचं, असा हिशोब होता.

हा हिशोब मी मोडला. शर्यतीच्या दोन दिवस आधी. टेकडीवर नव्हे, दगडधोंड्यात नव्हे, तर आमच्याच खोलीच्या तीन पायऱ्यांवर. तुळई चुकवायला मान खाली घातली आणि पायरी राहून गेली. डावा घोटा असा फुगला की डॉक्टरने लांबूनच मान हलवली.

मी बाकावर पाय वर करून बसलो होतो. सगळे गेले. ताई फळीसमोर पाठ करून उभी होती.

"चिटणीस, माझा वेग किती असेल रे?"

"मला काय विचारतेस? तूच सांग."

"मला नाही माहीत." ती वळली. "तीन वर्षांत मी सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने पळालेय. साठ मिनिटं लागतात. त्याच्या पुढचं पायात आहे की नाही, कधी बघितलंच नाही."

"मग उद्या बघू. सुसाटबरोबर पुढे पळ."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सुसाटबरोबर पुढे निघाली. मी पायऱ्यांवर स्टॉपवॉच घेऊन बसलो. पस्तीस मिनिटांत सुसाट एकटाच परत आला.

"ताई कुठाय?"

"एक आजोबा फिरायला निघाले होते," सुसाट म्हणाला. "ते मागे एकटे पडले."

"आपल्या क्लबचे आजोबा आहेत का ते?"

"मीही हेच विचारलं. तर म्हणाली, तू हो पुढे."

अर्ध्या तासाने ताई आणि आजोबा गप्पा मारत आले. आजोबा खुशीत होते. ताई मात्र माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून म्हणाली, "मागे कुणी असलं की पाय आपोआप आखडतात रे. मी काय करू?" तीन वर्षांत मी तिला रडवेली झालेली पाहिली नव्हती. खोली, फळी, बिल्ले सगळं तिने उभं केलं होतं, आणि ते सगळं आता तिच्याच पायांमुळे जाणार होतं. मला चिटणीस म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "घोटा फार ठणकतोय." ती लगेच उठली आणि बर्फ आणायला गेली. तिचं असं होतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी ताई बसमध्ये फळी घेऊन चढली. भिंतीवरची अख्खी फळी, काखेत. ड्रायव्हरने विचारलं, "हे काय, दार बदलताय का?" ती म्हणाली, "हजेरी आहे." मी पळणार नव्हतो, तरी माझा अकरा नंबरचा बिल्ला तिने माझ्या हातावर ठेवला. "संघात आहेस ना? मग ठेव." डाव्या पायात चप्पल होती, म्हणून मी तो खिशात टाकला.

आयोजकांना माणसं कमी पडत होती. त्यांनी मला जीपमधून नेऊन अर्ध्या वाटेवरच्या वळणावर सोडलं. एक स्टूल, एक लाल झेंडा, पाण्याच्या बाटल्या. काम एकच, येईल त्याला झेंड्याने उजवीकडे वळवायचं. वळणापासून पुढे शर्यतीचा रस्ता टेकडीला वळसा घालून चार किलोमीटर जायचा. शेतातून आडवं गेलं तर शेवटची रेषा जेमतेम एक किलोमीटर.

सुसाट सोळाव्या मिनिटाला गेला, माझ्याकडे न बघता. बाविसाव्याला थोरला, त्याच्या मागे लगेच धाकटा, "ढकलू नकोस" म्हणत. चोविसाव्याला डॉक्टर, तोंडाने श्वास मोजत. चौघं व्यवस्थित होते. मग निरनिराळ्या संघांचे लोक आले, मग तुरळक झाले, मग रस्ता रिकामा झाला.

अठ्ठाविसावं मिनिट संपता संपता दोन माणसं दिसली. पुढे दुसऱ्या कुठल्यातरी विद्यापीठाची एक मुलगी, तोंड लालबुंद, हात पोटाला लावून. तिच्या मागे दोन पावलांवर आमची कॅप्टन.

"नाकाने श्वास घे," ताई तिला सांगत होती. "खांदे सोड. छान चाललंय."

अजिबात छान चाललेलं नव्हतं. राहिलेले चार किलोमीटर बावीस मिनिटांत संपवायचे होते, आणि या चालीने तिला अर्धा तास लागला असता. मी झेंडा हलवायचा विसरलो. ताई, पळ, असं ओरडून उपयोग नव्हता. तिला ते आमच्याहून जास्त कळत होतं. पुढचा विचार मी केला तो चिटणिसाला शोभणारा नव्हता. धाकटा आलाच नाही म्हणून सांगावं, असं आधी मनात आलं. मग लक्षात आलं, तसं म्हटलं तर ही उलटी फिरेल आणि सुरुवातीच्या रेषेपर्यंत झुडपं शोधत जाईल.

"ताई," मी म्हणालो, "धाकटा पुढे गेलाय. पण लंगडत. एकटाच होता."

ती थांबली. "थोरला कुठाय?"

"तो गेला पुढे. भांडण झालं वाटतं."

हे तिला पटलं. जुळ्यांबद्दल काहीही पटायचं.

"कोणता पाय?"

"अं? डावा."

ताईने त्या मुलीच्या खांद्याला धरून तिला माझ्या स्टुलावर बसवलं. मी उभा होतो, एका पायावर, त्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. "हिला पाणी दे. दम खाल्ला की पाठव, आणि एकटी नको पाठवूस, जीपवाल्याला सांग मागे राहायला," ती म्हणाली आणि वळली.

मग ती पळाली.

तीन वर्षं मी ताईबरोबर पळत होतो, पण तिची पाठ मी कधी पाहिली नव्हती. ती नेहमी मागे असायची. आवाज यायचा, शिट्टी यायची. त्या दिवशी पाठ दिसली. वेणी एका जागी, कोपर अंगाला धरून, आणि पाय असे पडत होते की धूळ उडायच्या आत पुढच्या पावलाला पोचत होते. चढावर दोन मुलं चालत होती. त्यांच्यामधून ती गेली तेव्हा ती दोघंही बाजूला सरली, एखादी गाडी आल्यासारखी.

स्टुलावरची मुलगी पाणी पिता पिता थांबली. "ही माझ्या मागे पळत होती?"

"सवय आहे तिला," मी म्हणालो.

थोड्या वेळाने आयोजकांची जीप फेरी मारत आली. त्या मुलीला जीपच्या सोबतीने पाठवलं. जीप मला न्यायला परत येणार होती. मी स्टुलावर बसलो. लांबून लाउडस्पीकरची खरखर ऐकू येत होती, शब्द एकही कळत नव्हता. घड्याळात पन्नास मिनिटं झाली, पंचावन्न झाली, तास झाला. जीप आली नाही. खोली राहिली की गेली, हे सांगायलाही कोणी नाही. मी झेंडा गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला.

शेतातल्या पायवाटेवरून एक सायकल येताना दिसली. ताई ती हाताने ढकलत होती. मागच्या कॅरिअरला फळी बांधलेली.

ती आली, सायकल स्टँडला लावली आणि फळी सोडून माझ्या मांडीवर ठेवली. सुसाट, थोरला, धाकटा, डॉक्टर, चौघांचे बिल्ले आपापल्या खिळ्यांवर होते. अकरा नंबरचा खिळा रिकामा. चोवीसचाही.

"वेळ?" मी विचारलं.

"एकोणपन्नास एक्केचाळीस."

मी हिशोब केला. जेमतेम एकवीस मिनिटांत चार किलोमीटर. मग पुन्हा केला. तोच आला.

"म्हणजे खोली राहिली."

"राहिली. साहेब म्हणाले, अभिनंदन, पुढच्या वर्षी पुन्हा बघू." ती रस्त्याकडे बघत होती. "धाकटा डॉक्टरच्याही आधी पोचला होता. त्याला विचारलं, पाय कसा आहे? म्हणाला, कुठला पाय?"

मी झेंडा पुन्हा गुंडाळायला लागलो.

"डावा म्हणालास ना तू? मग मी उभी राहून विचार केला, आपल्यात डावा पाय नक्की कुणाचा गेलाय."

"ताई, मी..."

"बोलू नकोस. आधी बिल्ला."

मी खिशातून बिल्ला काढून अकरा नंबरच्या खिळ्याला अडकवला. मग तिने खाली वाकून स्वतःच्या नाडीतला चोवीस नंबर सोडवला. मला वाटलं, आता अडकवेल. तिने तो हातात फिरवला, उलटा करून बघितला आणि माझ्या उजव्या बुटाच्या नाडीत ओवायला लागली.

"अगं, हे काय? मला कुठे मागे पळता येतंय? मी तर आत्ता चालूही शकत नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तुझ्याहून हळू सध्या कोणी नाही. पुढच्या वर्षी मी नसणार. घोटा बरा होईपर्यंत मागे राहायची सवय लागेल. बस कॅरिअरवर."

मी बसलो. फळी पोटाशी धरली, लाल झेंडाही घेतला. ती सायकल ढकलत निघाली. शेताच्या बांधावर चढ आला तेव्हा मी म्हणालो, "दमलीस का? होईल हळूहळू सवय."

"प्रयत्न चाललाय," ताई म्हणाली. "आणि त्या मुलीच्या सोबतीला जीपवाल्याला नक्की काय सांगितलं होतंस? पोचली ती. पण जीपवाला तिच्यामागे पळत आला, जीप वाटेतच ठेवून."