डाव्या अंगाची जागा

पोलीस ॲक्शन झाली आणि जालन्याकडचा एक जहागीरदार बाडबिस्तरा आवरून हैदराबादला निघून गेला. जाताना त्यानं विकलेली ठेंगणी मोटार रामनिवासनं घेतली. रामनिवासचा कापूस-सरकीचा व्यापार. मोटारीचं नाक लांबलचक, वर कापडी टप, आत दोनच माणसांची जागा आणि सामानाला डिकी म्हणून नाहीच. बाजारातले लोक विचारायचे, "शेटजी, मोटार उभी हाय का बसली?"

त्याच्या बायकोनं, लाडबाईनं, खिडकीतून पाहिलं ते एवढंच, की स्टेअरिंग उजवीकडं आहे आणि डावीकडची सीट मोकळी आहे. लग्नात सात वचनं घेऊन ती नवऱ्याच्या उजवीकडून उठून डावीकडं बसली होती. मग ही सीट कुणाची, हे काय कुणी सांगायला पाहिजे? तिथं बसून तिला तीर्थपुरीला जायचं होतं, थोरल्या बहिणीकडं, संतोषबाई जीजीकडं. दोघी मारवाडातून एकाच साली लग्न होऊन इकडं आल्या आणि इतक्या जवळ राहून एकमेकींना पारख्या झाल्या. भेट व्हायची ती कुणाच्या लग्नात, पंगतीच्या गडबडीत.

सासूबाई देवळात गेलेल्या पाहून एकदा तिनं विषय काढलाच. "ऐकलं का, मला जीजीकडं न्या की मोटारीतून."

"नेलं असतं गं," रामनिवास हसला. "पण बसशील कुठं? सामानच मावत न्हाई."

ते खोटं नव्हतं. खेडोपाडी कापूस बघत फिरायचं म्हणजे मुक्काम करावा लागे. गादी, पाण्याची घागर, डबा, कंदील, लोटा, पंप, जॅक, पान्हे, सगळं त्या डाव्या सीटवर बसून हिंडायचं. दुसरी एखादी रुसून बसली असती. लाडबाईनं विचार केला, हा नकार कुठाय? ही तर जागेची अडचण. आणि जागा करणं बाईमाणसाच्या हातचं असतं.

दुपारी घर झोपलं की ती मोटारीत वाकायची. सीटच्या पाठीमागं हातभर फट होती. जुन्या ताडपत्रीची चपटी लांब पिशवी शिवून तिनं ती फट भरली. जड खाली, हलकं वर, लागेल ते हाताशी. पान्हे धोतराच्या चिंध्यांत गुंडाळून सीटखाली घातले, खडखड बंद झाली. घागर गेली आणि बाहेरच्या बाजूला कापडी छागल लटकली, चालत्या मोटारीच्या वाऱ्यानं पाणी आपोआप गार. पोकळ वस्तू रिकामी ठेवायची नाही, हा तिचा कायदा. लोट्यात कंदिलाची काच, काचेत मोजे! रामनिवास बाजारात मोटार उघडून दाखवायचा, "बघा, बिलकुल दुकानावानी लावलंय." कुणी लावलं ते सांगायचं मात्र राहून जायचं.

उरलं अंथरूण. गादीची सतरंजी झाली, सतरंजीची आवळून वळकटी झाली. तीही एका सकाळी तिनं मागच्या जादा चाकावर पट्ट्यानं बांधली. डावी सीट रिकामी झाली. इतक्या वर्षांनी! लाडबाईनं ठेवणीतली चुंदडी नेसली आणि ती दाराआड उभी राहिली.

रामनिवास बाहेर आला. सीट पाहून हरखलाच. "अरे वा!" म्हणाला आणि त्यानं रस्त्याकडं तोंड करून हाक मारली, "बन्सीलालजी, जल्दी या! जागा झाली बघा."

बन्सीलाल त्याचा दलाल. पानाचा डबा मांडीवर घेऊन तो ऐसपैस बसला. आयत्या बिळावर नागोबा! त्या दिवशी डब्यातल्या भाजीत मीठ नव्हतं. चुकून की मुद्दाम, ते लाडबाईलाच ठाऊक. चुंदडी तिनं घडी करून पुन्हा पेटीत ठेवली, आणि पेटी लावल्यावर तिला रडू आलं.

तरी मोटारीतलं सामान लावायचं तिनं सोडलं नाही. तीर्थपुरीकडची खेप असली की पिशवीत बहिणीसाठी पापडांचा डबा जायचा. पापड गेले, लोणचं गेलं, मारवाडातनं आलेली वाळवणाची केरसांगरी गेली. लाडबाई तेवढी राहिली. उलट निरोप यायचा, "पापड पोचले. तू कधी पोचशील?"

एकदा डबा भरलेलाच परत आला.

"जीजी गेल्या," रामनिवास दारातच म्हणाला. "आम्ही पोचलो तवा समदं झाल्तं. डबा कुणाला द्यावा, कळंना मला."

ते पापड लाडबाईनं तळले नाहीत, कुणाला दिलेही नाहीत.

साठ साली घरात जीप आली आणि छोटी मोटार औरंगाबादच्या एकानं घ्यायची ठरवली. तो येण्याआधी सामान काढून घे, असं रामनिवासनं सांगितलं. लाडबाईनं मागची वळकटी सोडली, पिशवी उपसली, चिंध्यांतले पान्हे काढून अंगणात ठेवले. मग इकडंतिकडं न पाहता तिनं डावीकडचं दार उघडलं आणि ती आत बसली.

आणि तिला काहीच दिसेना! सीट जमिनीला टेकलेली, लाडबाई बुटकी. नाकासमोर नुसती डॅशबोर्डची फळी. रस्ता नाही, फाटक नाही, वर काचेतून हातभर आभाळ. ह्या जागेसाठी तिनं एवढा जीव टाकला होता. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

रामनिवास पायरीवर येऊन थबकला. "का गं, दिसंना का?"

"न्हाई."

अंगणातली वळकटी त्यानं उचलली, झटकली आणि तिच्याखाली सारली. फाटक दिसलं, कडुनिंब दिसला, पुढचा रस्ताही दिसला. वळकटीची जागा इथलीच होती आणि तिचीही. दोघी एकाच जागेवर मावत होत्या, एवढं साधं गणित तिला सुचलं नव्हतं.

रामनिवास स्टेअरिंगपाशी बसला. "बोल, कुठं जायाचं?"

"तीर्थपुरीला," लाडबाई पटकन म्हणाली. मग तिला आठवलं.

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, आणि मोटार चालू केली.