मांद्र्याहून आलेली खाट

माझ्या दिराने खाट उंबऱ्यावर अडवली, तेव्हा आत माझी जाऊ भिंतीला पाठ लावून श्वासाशी झटत होती. आडवी झाली की तिचा जीव घुसमटायचा. छातीत पाणी भरत होतं. पणजीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते आणि घरी न्या म्हणून सांगितलं होतं. ती दिवसरात्र बसूनच असायची. आम्ही आळीपाळीने तिच्या पाठीला पाठ लावून बसायचो.

खाट डिचोलीच्या लोकांची होती. तिथल्या एका निवृत्त नर्सबाईने चार बायकांना घेऊन नुकतंच हे काम सुरू केलं होतं. ज्याच्यावर आता इलाज उरला नाही अशा माणसाच्या घरी जायचं, त्याला धुवायचं, पुसायचं, त्याचं दुखणं कमी होईल ते करायचं आणि घरच्यांना ते शिकवायचं. सामान म्हणाल तर त्यांच्याकडे एक खाट आणि खाणीवरून मोडीत काढलेली एक पिकअप. खाटेचा दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर यायची. माझ्या जावेला नेमकं तेच हवं होतं.

"ही खंयसून आयली?" दिराने विचारलं.

नर्सबाईला खोटं बोलता येत नसे. "मांद्र्याहून. तिथले आजोबा गेले."

"हिच्यार?"

"हिच्यावरच."

"मगे परत न्हेवा. मेलल्याची खाट माझ्या घरात येवची नाय."

आमच्या हळर्ण गावात मेलेल्या माणसाचं अंथरूण कोणी ठेवत नाही. चटई, गोधडी, उशी, सगळं टाकून देतात. त्यामुळे दीर जगावेगळं काही बोलत नव्हता. त्यात शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "एकाक घेवन गेली ती, दुसऱ्याकय न्हेतली." दिराचं तोंड पांढरं पडलं. त्याला वाटत होतं की बायकोला ही खाट मारणार.

मी म्हटलं, "भावजी, ती जातली हां डॉक्टरान सांगला, खाटीन नाय. बसान बसानच मरूची काय ती?"

तो उंबऱ्यावरून हलला नाही. नर्सबाई पिकअपकडे वळली. ती गेली असती तर खाट दुसऱ्या गावी गेली असती आणि माझी जाऊ तशीच बसून राहिली असती.

"सोप्यार ठेवा ती," मी म्हटलं. "आधी मी निजतंय. उठलंय तर खाट भितर घेवा. नाय उठलंय तर माकाय तिच्यावांगडा न्हेवा."

नुकतंच बांगड्याचं हुमण आणि भात जेवले होते. नर्सबाईने खाट ओसरीवर मांडली आणि दांडा फिरवून डोक्याकडची बाजू वर केली. वाड्यावरची माणसं अंगणात जमली. मला वाटलं होतं, डोळे मिटून पडून राहू. पण खाट चांगली होती. मला गाढ झोप लागली.

जागी झाले ती जावेच्या आवाजाने. आतून, थांबत थांबत, ती सांगत होती, "वयनी, कितक्या घोरतंस गे! मेललो माणूस असो आवाज करणा नाय. हाडा ती भितर."

अंगणातली माणसं हसली. दीर पायरीवर बसला होता. तो उठला आणि खाटेची एक बाजू त्याने स्वतः धरली.

जाऊ तिच्यावर टेकली आणि झोपली. ती गणपतीची चवथ तिने खाटेवरून पाहिली. गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना दांडा पुरता वर करायला लावला आणि सगळ्यांना फैलावर घेतलं. "तो नारळ वाकडो. तां तोरींग मधी हाडा. डोळे नाय काय तुमका?" तिचं ऐकत ऐकत दिराने माटोळी तीनदा सोडून बांधली. इतकी सुंदर माटोळी आमच्या घरात त्याआधी झाली नव्हती. चवथीनंतर ती गेली. टेकून, झोपेत. दिराने खाट अंगणात धुतली आणि पिकअपमध्ये चढवली.

पुढच्या घरीही तोच प्रश्न आला. नर्सबाई मला न्यायला आली. मग तसा रिवाजच पडला. खाट आली की मी जायची, त्या घरी जेवायची आणि दुपारी निजून दाखवायची. डिचोलीला बेळगावकडचा एक कामगार भाड्याच्या खोलीत आजारी होता. त्याच्या घरमालकाने खाट अडवली, म्हणून मी घरमालकाच्याच वरांड्यात निजले. आमचा आणि डिचोलीचा, दोन्ही तालुक्यांत मी जेवले. एका घरी सोलकढी इतकी पाणचट होती की खाटेला पास केलं आणि कढीला नापास.

मी चौथी शिकलेली. मला सभेत बोलता येत नाही, पण झोपायला सभा लागत नाही. हळूहळू खाटा वाढल्या. कोणी आईच्या नावाने दिली, कोणी बापाच्या. आता डिचोलीला शेड आहे, नवी गाडी आहे, पगारी नर्स आहेत, श्वासाचं मशीन आहे. निजायला बचत गटाच्या बायका जातात. त्यांच्यात पाळ्यांवरून भांडणं होतात, कारण चांगलं जेवण कुठल्या घरी मिळणार ते आधीच कळतं.

कुंपणापाशी उभी होती ती म्हातारी, खाट मला वर्षाच्या आत नेणार, असं गावभर सांगत होती. पुढे तिलाच खाट लागली. "वयनी आधी निजांदे, मगे मी," असा तिनेच हट्ट धरला. मी निजले, उठले. मग ती निजली.

जाऊ गेली. नर्सबाई गेली. शेजारीण गेली. दीर आणि मी आहोत.