चौथा गाळा

"नाव काय देलं?"

आमच्या ऑफिसात कुणीही नकाशाची फाइल सेव्ह केली की बाईंचा हा प्रश्न यायचा. मान स्क्रीनकडेच, हात माउसवर, आवाज तेवढा आपल्याकडे. बहुतेक वेळा आपण फाइलला 'नवीन' असं नाव ठेवून मोकळे झालेलो असायचो. "नवीन कवापर्यंत राहीन भाऊ ते? उद्या शिळं होईन ना." मग आपण निमूटपणे नाल्याचं, गावाचं नाव आणि साल घालायचं. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. ते सुट्टीवर गेलं की हायसं वाटतं, आणि नेमकी त्याच दिवशी एकही फाइल सापडत नाही.

ऑफिस गडचिरोलीत, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सरकारी रस्त्यांचे आणि लहान पुलांचे नकाशे संगणकावर काढून द्यायचे, हा धंदा. नकाशे बाई काढायच्या, त्यावरून खर्चाचा अंदाज मी करायचो. बाईंची पन्नाशी उलटलेली, नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही. मानेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा. दुपारी तो काढून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "थोडा वेळ यालेबी आराम."

संगणकावरच्या नकाशात रस्ता, झाडं, पाणी, अक्षरं असं सगळं वेगवेगळ्या थरांवर असतं. नको तो थर लपवता येतो, कुलूपही लावता येतं. बाई पाण्याच्या थराला नेहमी कुलूप लावायच्या. एकदा रस्ता सरळ दिसावा म्हणून साहेब स्वतःच नाला सरकवायला बसले. नाला काही हलेना. साहेबांनी माउस आपटला, मशीनला शिव्या घातल्या.

"साहेब, रस्ता हलवा," बाई शांतपणे म्हणाल्या. "तो आपला हाये. नाला आपला नाई."

हेच साहेब एकदा मोठे कागद छापून आणायला पेन ड्राइव्ह घेऊन चंद्रपूरला गेले. या नकाशाला नाल्याची फाइल वेगळी जोडलेली होती, ती घ्यायची राहिली. छापून आलेल्या नकाशात पूल होता, पण त्याच्याखाली नुसता पांढरा कागद. बाईंनी तो उलगडून पाहिला आणि विचारलं, "पानी मागच्या गाडीनं येऊन राह्यलं का?" त्या दिवशी साहेबांनीच सगळ्यांना चहा पाजला.

पण बाईंचं खरं दुखणं एका पुलात होतं. चामोर्शीकडचा एक नाला, त्यापलीकडे गाव, आणि त्या गावात बाईंची मोठी बहीण. एकटीच, थोडं धान लावणारी, साखरेचा आजार, रोज इंजेक्शन. पावसाळ्यात नाला भरला की ना औषध आत, ना माणूस बाहेर. या पुलाचा नकाशा आमच्याकडून दरवर्षी मागवला जायचा आणि दरवर्षी मंजुरीवाचून पडून राहायचा. बाई फाइल उघडायच्या, नवी तारीख घालायच्या, बदलून आलेल्या इंजिनियरचं नाव टाकायच्या, छापायच्या. कंटाळा त्यांच्या बोलण्यात कधी आला नाही. खांद्यांत मात्र दिसायचा.

एका पावसाळ्यात नाल्याचा काठ ढासळला आणि पात्र रुंद झालं. उन्हाळ्यात नव्याने मोजणी झाली. पूल तीन गाळ्यांचा होता, आता चार लागणार होते. गाळा म्हणजे दोन खांबांमधली, पाणी जायची मोकळी जागा. बाईंनी जुनी फाइल शेजारी उघडी ठेवून नव्या फाइलमध्ये चौथा गाळा काढला. दिवसभर दुसऱ्या घाईच्या कामांत त्यांची मान मोडून आली होती. तेवढ्यात लाइट गेली. लाइट आल्यावर मशीनने दोन्ही फाइली समोर ठेवल्या. बाईंनी जुनीच उचलली, नव्या नावाने सेव्ह केली आणि छापली. नाव अगदी बरोबर होतं, म्हणून कुणालाच शंका आली नाही. मलाही नाही.

आणि त्याच वर्षी पूल मंजूर झाला! साहेबांनी पेढे आणले. ठेकेदारासाठी मोठे नकाशे काढायला बाईंनी फाइल उघडली, आणि त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"भाऊ, तीनच गाळे हायेत."

मी उठून पाहिलं. तीनच होते. साहेब खुर्चीत बसून राहिले. आता सांगितलं तर मंजुरी रद्द, कागद परत, पुन्हा रांगेच्या शेवटी.

"बाई, गप राहा," मी म्हणालो. "होऊ द्या आहे तो पूल. तुमची ताई आहे तिकडे."

"तिच्याचसाठी तं बोलून राह्यली. आखूड पूल बांधला तं पानी बाजूनं रस्ता खाईन. मंग पूल मंधात उभा, अन् मानसं दोन्हीकडं. अन् एकदा बांधलेला पूल दुसऱ्यांदा कोन देते?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मोठ्या ऑफिसात गेल्या. चूक माझी, असं लिहून दिलं. मंजुरी परत गेली. गावचे लोक त्यांच्यावर चिडले, आणि मला वाटतं, ताईसुद्धा. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर बाईंनी नोकरी सोडली.

"पूल नाई तं मी जातो तिकडं. सुई कोन टोचन तिले?"

जाताना त्यांनी सगळ्या फाइली लावून दिल्या. मी त्यांना वेड्यात काढलं, भांडलोसुद्धा. खरं तर मला रडू येत होतं.

पुलाला बरीच वर्षं लागली. तोवर दरवर्षी तारीख मी बदलत होतो. शेवटी चार गाळ्यांचा पूल झाला. पण त्याच्या आदल्या पावसाळ्यात, नाला भरलेला असताना, ताई घरीच वारली. बाई उशाशी होत्या, एवढंच.

पूल झाल्यावर मी फोन करून म्हटलं, आता या परत, तुमची खुर्ची आहे. "आता काऊन येऊ भाऊ?" एवढंच म्हणाल्या.

यंदा मोठा पूर आला. त्या दुपारी त्यांचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज इतका होता, की त्या पुलावरच उभ्या असणार.

"चारही गाळ्यांतून पानी जाऊन राह्यलं भाऊ. रस्ता कोरडा हाये."

मी म्हटलं, तुम्ही बरोबर होता बाई.

"ताईले आनून दाखोलं असतं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.