गेलो रे म्हटलं तरी धावायचं नाही

जितेश घरत आमच्या गावच्या पेंटबॉल टीमचा कॅप्टन आहे. ही टीम एकदाही जिंकलेली नाही. मी दिनानाथ, माझा टेंपो आहे. टीमला खांब गावच्या मैदानावर नेणं आणि हरल्यावर परत आणणं ही माझी जबाबदारी. मी खेळत नाही. पोट आडवं येतं.

आमचं गाव वडखळच्या खाली, खाडीच्या काठाला. जितेश पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. पीतांबर, शेला, उंदीर हे त्याच्याकडे. डोळे मालक काढतो आणि नाव मालकाचं होतं. एका भाद्रपदात आम्ही खांबजवळच्या एका रिसॉर्टवर मूर्ती पोचवायला गेलो, तिथे मागच्या जाळीत माणसं एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारत होती. जितेशने एक फुटलेली गोळी उचलली, बोटावर चोळली आणि म्हणाला, "रंग कच्चा हाय." मग तिथला मॅनेजर म्हणाला की उन्हाळ्यात स्पर्धा असते, गावातल्या पाच जणांची टीम आणा, बंदुका आम्ही देऊ. परत येताना जितेश नागोठण्यापर्यंत बोटावरचा रंग चोळत बसला. वडखळ आल्यावर म्हणाला, "दिनादादा, आपली टीम करू."

टीम करणं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगतो, कुणी करू नये. शिवा मिठागरात असतो, ऊन चढलं की त्याचं काम वाढतं आणि स्पर्धा उन्हातच असते. प्रविण नागोठण्याजवळ कंपनीत, त्याची शिफ्ट त्याच्या बायकोलाही माहीत नसते. रघू आणि सखा हे भाऊ रिकामेच असतात, पण आमच्याकडे लग्नसराईत रोज कुणाची ना कुणाची हळद, आणि हे दोघे नाचले नाहीत तर हळद लागली असं कुणी मानत नाही. चौघांना एका जागी आणायला जितेश घरोघर फिरायचा. त्याची बायको चंद्रावती म्हणायची, "पोरीचं लगीन जमवायला येवढा फिरला असतास तर जावई कलेक्टर मिळाला असता." पोरगी तेव्हा दुसरीत होती.

तरी टीम झाली. पहिल्या मॅचला पनवेलचे कुणी ऑफिसवाले समोर होते. शिट्टी झाली, आमचे पाच जण टायरच्या ढिगांमागे बसले, आणि शिवाच्या बरगडीत गोळी बसली. शिवा ओरडला, "गेलो रे!"

त्यावर बाकीच्या चौघांनी बंदुका खाली ठेवल्या आणि धावत शिवाकडे गेले. दोघांनी काखेत धरलं, दोघांनी पाय उचलले. पनवेलवाल्यांनी आधी आपापसात बघितलं आणि मग पाचही जणांना आरामात रंगवलं. पंचाला असा प्रकार माहीत नव्हता. त्याने जितेशला समजावलं की ज्याला लागलं तो स्वतः हात वर करून बाहेर जातो, त्याला न्यायला कुणी यायचं नसतं.

दुसऱ्या वर्षी सखाला लागलं. पुन्हा सगळे धावले.

आता ह्यांना हसणाऱ्यांनी एकदा आमच्या बांधावर यावं. आमची शेतं खाडीच्या पातळीखाली आहेत, मधे मातीचा बांध. मोठ्या उधाणाला पाणी बांध फोडतं, त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की घरटी एक माणूस बाहेर पडतो, ओळ लावतो आणि हातोहात चिखलाचे गोळे देत खांड बुजवतो. तिथे एखाद्याचा पाय सुटला तर तो खांडीतून वाहत जातो. म्हणून "गेलो रे" ऐकलं की हातातलं टाकायचं आणि धावायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. अंगणवाडीतलं पोरही धावतं.

मॅनेजरला बांधाचं काय. तो म्हणाला, "लोक तुमची मॅच बघायला येतात, पण हसायला येतात. पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं तर नाव काढून टाकतो."

त्या दिवशी जितेश टेंपोत माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "मला एकदा जिंकायचंय, दिनादादा. माझ्या हातचे गणपती पार परदेशात जातात, पण माझे कोण म्हणत नाय. ही टीम तरी माझी हाय." मला त्याचं वाईट वाटलं, आणि मी हॉर्न वाजवला.

मग त्याने न धावण्याची तालीम सुरू केली. बंदुका रिसॉर्टच्या, त्यामुळे भात कापलेल्या मोकळ्या शेतात वाळल्या मातीच्या गोळ्या फेकून सराव. एकाने मधेच ओरडायचं, "गेलो रे!" बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. पहिले काही आठवडे ते निम्म्या वाटेवर पोचून परत यायचे. मग पाऊल उचलून खाली ठेवायला लागले. पुढे जितेश चहा पिताना, बाजारात, कुणाच्या हळदीतही अचानक ओरडायचा. हळूहळू पोरं थंड होत गेली.

एका संध्याकाळी जितेशची आई बायजाबाई सुकटीची टोपली घेऊन अंगणात घसरली आणि ओरडली, "गेले गो बाय!" ओटीवर रघू आणि सखा बसलेले. दोघांनी तिच्याकडे पाहिलं आणि बशीतला चहा संपवला. म्हातारी आपली आपण उठली. लागलं काही नव्हतं, पण तिने दोघांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. जितेशने मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं की टीम तयार आहे.

मे महिन्याच्या शेवटी मॅच लागली. कारखान्यात तेव्हा कामाचा कहर असतो, मालकाने जितेशला सुट्टी दिली नाही, म्हणून तो न विचारताच आला. अंगावर कामाचाच शर्ट, त्यावर पिवळे, केशरी डाग. पंचाने त्याला खेळ सुरू होण्याआधीच बाद केलं. खूप वाद झाला. शेवटी शर्ट उलटा घालायला लावून त्याला आत सोडलं.

आणि काय सांगू, आमचे छान खेळले. प्रविणला लागलं, तो हात वर करून गुमान बाहेर गेला. कुणी मानही वळवली नाही. समोरच्यांचे दोघेच उरले, आमचे चार. मी जाळीला नाक लावून उभा होतो. जितेश एका पिंपाआडून दुसऱ्याकडे पळाला, त्याचा पाय खड्ड्यात गेला आणि तो पडला. पडल्यावर त्याला गोळीही लागली. पाय असा वाकडा झाला होता की मला लांबून दिसत होता. आणि जितेश ओरडला. खरंच ओरडला तो, "गेलो रे!"

शिवाने त्याच्याकडे पाहिलं. रघूने पाहिलं, सखाने पाहिलं. आणि तिघांनी तोंडं फिरवून पुन्हा नेम धरला.

जाळीचं दार कुठे आहे हे मला आजही सांगता येणार नाही, पण मी आत होतो. चपला हातात, पोट पुढे, मुखवटा नाही. सगळ्या रंगाच्या गोळ्या माझ्यावर फुटत होत्या, त्यातल्या निम्म्या आमच्याच लोकांच्या. जितेशने मला येताना बघितलं आणि हात वर केला. बाद झालो म्हणून नव्हे. मी धरावा म्हणून.

पंचाने शिट्टी मारून मॅच थांबवली. बाहेरचा माणूस मैदानात आला म्हणून आम्ही हरलो, आणि मॅनेजरने नाव काढून टाकलं.

मला फार अपराधी वाटलं असेल असं गावात बोलतात. अजिबात वाटलं नाही. मला तालमीला कुणी बोलावलं नव्हतं.

पेणला दवाखान्यात प्लास्टर घातलं. परतताना चौघे मागे बसलेले, माझ्याशी अबोला. गावात उतरल्यावर शिवा म्हणाला, "ह्या दिन्यानं घात केला. जिंकलो होतो आपण."

जितेश सीटवरूनच बोलला. "जिंकलो असतो. तुमी बरोबर केलं, मीच शिकवलं तसं. पण मी तिथं पडलो नि तुमी तोंड फिरवलं ना, तवा लय वाईट वाटलं मला. मेल्यावानी वाटलं."

सखाने त्याला पाठीवर घेऊन घरात नेलं.

वटपौर्णिमेच्या उधाणाला खांड पडली. बाया वडाला सूत गुंडाळून घरी येतात न येतात तोच हाक आली. प्लास्टर घातलेल्या जितेशला आम्ही बांधावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, कारण घरटी एक माणूस म्हणजे एक माणूस. ओळ लागली. चिखल हातोहात चालला. आणि शिवाचा पाय सुटला.

"गेलो रे!"

गाव धावलं. प्रविण, रघू आणि सखा मात्र हातात गोळे घेऊन थबकले आणि खुर्चीकडे बघायला लागले. कॅप्टन काय म्हणतो म्हणून.

खुर्ची पडली आणि कॅप्टन प्लास्टरसकट चिखलात होता. मग तिघांनीही उड्या टाकल्या. शिवाच्या कॉलरला पहिला हात जितेशचा लागला. प्लास्टरचा लगदा झाला. दुसरं त्याला मालकाने कारखान्यातच, मूर्तीच्या प्लास्टरचं घालून दिलं, कारण काम साचलं होतं, आणि वाळल्यावर जितेशने ते स्वतः पिवळं रंगवलं.

दिवाळीनंतर मॅनेजरचा फोन आला. पर्यटकांसाठी एक मॅच होती, कुठलीशी टीम ऐनवेळी गळाली होती. जितेशने फोन स्पीकरवर ठेवला.

"येतो," तो म्हणाला. "पन आदीच सांगतो. आमचा एक पडला तर बाकीचे जानार त्याच्याकडं. टेंपोवाला पन येनार."

"अहो, मग हराल की."

"व्हय," जितेश म्हणाला. "किती वाजता येऊ ते सांगा."