काचपेटीतले तीन मजले

मिस्त्रींनी चाळीस वर्षं दुकानांतल्या फळ्या बसवल्या. औषधांची दुकानं, कापडाची, चपलांची. त्यांची फळी कलली असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येईपर्यंत ते पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. पुढे बायको देवाघरी गेली, गुडघे कुरकुरायला लागले आणि मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन आला. येताना त्यांनी एक पिशवी कपडे आणि एक पेटी हत्यारं आणली. मुलाने हत्यारं पलंगाखाली सरकवली आणि म्हणाला, "आता आराम करा."

आराम हे काम काही त्यांना जमेना. चार महिन्यांत त्यांनी घरातली सगळी दारं आणि बिजागऱ्या दुरुस्त केल्या, बिघडल्या नव्हत्या त्याही.

सून चष्म्याच्या दुकानात होती. बाई गुणी, कामाला वाघ. पण सासऱ्यांशी तिचं बोलणं म्हणाल तर सगळं नवऱ्यामार्फत. "बाबांना विचार, भाजीत मीठ बरोबर आहे का." बाबा समोरच बसलेले असायचे. "तिला सांग, बरोबर आहे." तीही समोरच. भांडण नव्हतं काही. दोघंही भिडस्त, त्यामुळे पहिल्या दिवशी जे पडलं तेच वळण राहिलं. मुलगा बिचारा जेवता जेवता टपाल वाटायचा.

सुनेला एकच छंद होता, शंखातले खेकडे पाळायचा. बाहेरच्या खोलीत तीन फुटी काचेची पेटी होती. तळाला वीतभर ओलसर वाळू, एका वाटीत गोडं पाणी, दुसरीत खारं, आणि पाच खेकडे आपापलं घर पाठीवर घेऊन हिंडणारे. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी पेटी पाहून मुलाला विचारलं होतं, "हे खायचे का?" त्यानंतर दोन दिवस घरात टपाल बंद होतं.

या खेकड्यांना चढायची भारी हौस. सुनेने साबण ठेवायच्या, काचेला चिकटणाऱ्या जाळ्या लावून त्यांना मजले करून दिले होते. दर आठवड्याला एखादा मजला धपकन खाली यायचा. एकदा पहिलवान, म्हणजे पाचांतला सगळ्यात थोरला, मजल्यासकट खाऱ्या पाण्यात पडला. ते बघून मिस्त्रींना राहवेना. चार-सहा दिवसांनी जेवताना म्हणाले, "तिला विचार, मी पेटीत फळ्या करून देऊ का?"

सुनेचा घास हातातच राहिला. "चालेल म्हणावं. पण पॉलिश नको, रंग नको, लोखंडी खिळा नको. त्यांना विष असतं ते."

हा निरोप पोचला. मग भांडी घासताना तिने आतून आणखी एक सांगितलं, "आणि वाळूला धक्का नको म्हणावं. पहिलवान परवापासून कात टाकायला खाली गेलाय." मिस्त्री तोवर आडवे झाले होते आणि मुलगा फोनवर होता. त्याने मान हलवली. तो निरोप मानेतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हत्यारांची पेटी बाहेर ओढली, देवाला हात जोडले आणि कामाला लागले. लाकूड मोठ्या पातेल्यात उकळून घेतलं, वाळवलं, रंधा मारून आरशासारखं केलं. खिळ्यांऐवजी बांबूच्या खुंट्या. एक फळी पेटीत ठेवून पाहिली तर खेकडा अर्ध्यावर चढून घसरगुंडीवरून यावा तसा खाली. मिस्त्रींनी कानस घेतली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा गुळगुळीत फळी मुद्दाम खरबरीत केली. मन घट्ट करून केली.

मग उभारणी. मांडणी उभी करायची तर आधी जमीन ठोकून घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. वाळू तर अगदीच भुसभुशीत. मागचा उजवा कोपरा त्यांनी लाकडी ठोकळ्याने चांगला चोपून घेतला आणि त्यावर मांडणीचा पाय रोवला. संध्याकाळपर्यंत तीन मजले उभे राहिले. बुडबुडा मध्ये आला. मिस्त्री पाणी प्यायले आणि सहज खेकडे मोजले. चार.

सून आली तेव्हा ते जमिनीवर पालथे पडून कपाटाखाली पाहत होते.

तिने आधी फळ्या पाहिल्या. चेहरा उजळला. मग वाळू पाहिली.

"दाबली कुणी?" घरात टपालवाला नव्हता, म्हणून तिने पेटीलाच विचारलं.

"मी. ठोकून घेतली. पण तो पहिलवान कुठे सापडत नाहीये. बूटसुद्धा झटकून पाहिले."

ती आत गेली. मुलगा आल्यावर सगळा उलगडा झाला. "अरे हो," तो म्हणाला, "राहिलंच ते." कात टाकताना खेकड्याचं अंग ओल्या कागदासारखं असतं. वरून दाबलं तर संपलं. उकरून पाहायला गेलं तरी संपलंच. जगला असेल तर महिन्या-दीड महिन्याने आपला आपण वर येणार. मेला असेल तर सडक्या मासळीचा वास सुटणार. तोवर वाट बघायची.

त्यानंतर सासरे-सुनेत निरोपही बंद झाले. मीठ कसं आहे हे कुणी विचारेना. मिस्त्री सकाळी उठून देवाला हात जोडायचे आणि पेटीचं झाकण उघडून वास घ्यायचे. नवव्या दिवशी ते मुलाला म्हणाले, "रविवारी मला माझ्या जुन्या खोलीवर सोड."

"एका खेकड्यापायी?"

"खेकड्यापायी नाही रे. इतक्या दिवसांत तिने एक काम माझ्यावर सोपवलं, ते मी असं केलं. इथे कोणत्या तोंडाने बसू?"

गुरुवारी सकाळी वास घेऊन झाल्यावर त्यांनी सवयीने खालच्या फळीवर पाणसळ ठेवली, तर बुडबुडा एका टोकाला. मागचा उजवा पाय चांगलं अर्धं बोट खचला होता. मुलगा कामावर गेलेला. मिस्त्रींनी सुनेला फोन लावला, जन्मात पहिल्यांदा.

"बाबा? काय झालं? पडलात का?"

"मी नाही पडलो. फळी कलली."

तिच्या मागे कुणीतरी तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत होतं. क, ल, म, पुढचं दिसत नाही.

"काल कशी होती?"

"काल सरळ होती. मी रोज पाणसळ लावतो."

"रोज?"

"मग? खालून काहीतरी पोखरतंय. घूस असेल का?"

"काचेच्या पेटीत घूस कुठून येणार, बाबा!" आणि ती हसली. हसता हसता तिच्या ध्यानात आलं. "खाली तोच आहे. जिवंत आहे. तुम्ही पाय उचलून पाचर घालायला जाऊ नका हं."

मिस्त्रींनी हातातली पाचर खिशात टाकली. "छे, छे."

त्या दिवशी ती दोन तास आधीच घरी आली. पिशवीही न ठेवता पेटीपुढे बसली.

"रविवारी जाणार म्हणे तुम्ही."

"म्हणालो होतो खरं."

"मग याचं काय? पाय आणखी खचला तर तीनही मजले त्याच्या डोक्यावर. मी काय बसवू फळ्या? मला चष्म्याचा स्क्रूसुद्धा दोनदा हरवतो."

मिस्त्रींनी विचार केला. "वरून टांगता येईल. सुती दोरीने, पेटीच्या कडेला. पण पाय कापावा लागेल, वाळूच्या वर. उपटला तर खाली हादरा बसेल."

"मग कापा."

"हिसका बसता कामा नये. फळी कुणीतरी धरायला हवी."

तिने बाह्या वर केल्या. मिस्त्रींनी दोरी बांधून घेतली, मनात देवाचं नाव घेतलं आणि बारीक करवतीने पाय कापायला सुरुवात केली. एका हाताने तिने फळी धरली होती, दुसऱ्याने भुसा वाळूत पडू नये म्हणून खाली कागद.

मुलगा आला तेव्हा दोघांची डोकी पेटीत होती.

"जेवायचं काय आज?"

"थांब जरा," दोघं एकदम म्हणाले.

"सूनबाई, थोडी वर घे."

"एवढी?"

"आणखी केसभर."

"बाबा, हात दुखतोय हो."

"धर, धर. झालंच."